जुळलेला भाऊ

माझं रक्त जन्मतःच बिनकामाचं. थॅलेसेमिया. शरीर स्वतः धड रक्त बनवत नाही, म्हणून तीन-चार आठवड्यांनी दुसऱ्याचं चढवायचं आणि त्यातून अंगात साठणारं लोह बाहेर काढायला रोज गोळ्या गिळायच्या. कायमचा इलाज तेव्हा एकच होता, जुळणाऱ्या भावंडाचा बोनमॅरो, म्हणजे हाडांतला मगज. मी शाळेत असताना घरातल्यांच्या तपासण्या झाल्या आणि दादाचा जुळला. त्या दिवसापासून दादा आमच्या घराचा देव झाला.

पंख्याखालची जागा त्याची. दुधावरची साय त्याची. तो नापास झाला तरी आई बाबांना दटावायची, "बोलू नका त्याला. उद्या नाही म्हणाला तर?" पाहुणे आले की दादा माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगायचा, "हिचा जीव माझ्या हाडांत आहे." पाहुण्यांचे डोळे भरून यायचे. माझं डोकं फिरायचं.

बरं, बोनमॅरो दिला का कधी? आधी बारावी आडवी आली, मग नोकरी, मग लग्न. लग्नानंतर कंबर. ती कंबर मोठी मुत्सद्दी. कॅरमपाशी तासन्‌तास गुपचूप बसायची, हॉस्पिटलचं नाव काढलं की कळा सोडायची.

मी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते. एकदा सुट्टी घेऊन रक्त चढवायला गेले, तर आमच्या डॉक्टरीणबाई पलंगाशी येऊन बसल्या. "आता नवा उपचार आलाय. तुझ्याच पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्या जनुकात दुरुस्ती करायची आणि तुलाच परत द्यायच्या. दाता लागत नाही." त्यांनी धोकेही लपवले नाहीत. आधी किमो घ्यावी लागेल, केस जातील, मूल होणं अवघड होऊ शकतं, आणि वीस वर्षांनी काय होईल ते आज कुणीच सांगू शकत नाही. मी आठवडाभर विचार केला आणि हो म्हटलं.

घरी सांगितलं तर दादाचा चेहरा पडला.

"म्हणजे माझी गरज नाही?"

"नाही."

"उंदरांवर करून झालं, आता तुझ्यावर करणार. घरचं सोडून बाहेरचं कशाला? मी काय मेलोय?"

"बाहेरचं कुठे, दादा? माझंच आहे."

तो ताटावरून उठून गेला. आई मला हळूच म्हणाली, "बघ, किती लागलं त्याला." किमोनं माझी हाडं आतून रिकामी करायची होती, आणि घराला चिंता कशाची, तर दादाच्या मनाची.

किमोनंतर महिनाभर मला वेगळ्या खोलीत ठेवलं. तोंड इतकं सोललं होतं की पाण्याचा घोटसुद्धा टोचायचा. दादा एकदाच आला. काचेपलीकडे उभा राहिला, दुःखी चेहरा केला, स्वतःचा फोटो काढला. मागे मी, टक्कल पडलेली, पुसट. फोटोखाली त्यानं लिहिलं, 'आमचा लढा.'

काही महिन्यांत माझं हिमोग्लोबिन कुणाच्याही रक्ताशिवाय अकरावर टिकलं. नातेवाईक भेटायला जमले. दादा त्यांच्या मधोमध बसून सांगत होता, "मी तर तयारच होतो. विज्ञानानंच घाई केली."

मग मात्र मला राहवेना. "दादा, अजून संधी आहे. माझ्यासारखी पोरं अजूनही रक्तासाठी ताटकळतात. उद्या रक्तपेढीत जाऊ. पलंगावर पडून राहायचंय फक्त."

"उद्या?" तो म्हणाला. "उद्या जरा अवघड आहे."

वहिनी कप गोळा करत होत्या. तो देव सांभाळण्यात त्यांचीही दहा वर्षं गेली होती. त्यांनी ट्रे खाली ठेवला आणि मला विचारलं, "मी आले तर चालेल?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गेलो. सुई टोचताना वहिनींनी डोळे घट्ट मिटले, मग उघडून पिशवीकडे टक लावून पाहत राहिल्या. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मी तो त्यांच्या कानाशी धरला. पलीकडून दादाचा आवाज मलाही ऐकू आला. जेवायचं काय, विचारत होता.

"अहो, पोळ्या डब्यात आहेत, भाजी गरम करून घ्या," वहिनी म्हणाल्या. "मला उशीर होईल."

रक्त देऊन झाल्यावर त्यांना बिस्किटं आणि सरबत मिळालं. नर्स म्हणाली, आता जाऊ शकता. वहिनी आणखी तासभर तिथेच पाय पसरून बसल्या.