शहाजीशेटचं पार्किंग आणि चंद्र-सूर्याचा दगड

सोलापुरात, भवानी पेठेतल्या एका गल्लीत कमरेएवढा काळा दगड उभा आहे. वर चंद्र-सूर्य कोरलेत. पूर्वी बाजार भरायचा तो याच्याच भोवती. तेव्हा कागद-शाईची भानगड कुठली? दगडावर हात ठेवून "जमलं" म्हटलं की सौदा पक्का. अहो, आजही त्याच्यावर हात ठेवून खोटं बोलायची गल्लीत कुणाची छाती होत नाही.

केराबाई त्या दगडाला पाठ लावून शेंगाचटणी विकायची. दगड आहे म्हणून तिथं गाडी लागत नव्हती, आणि गाडी लागत नव्हती म्हणून तिची टोपली टिकून होती. त्यामुळं मागच्या चादरीच्या दुकानाचा मालक शहाजीशेट दोन पहारवाले घेऊन आला आणि दगडाचं बूड उकरायला लागला, तेव्हा बाईनं टोपली जवळ ओढली.

"शेट, ह्यो काय उद्योग?"

"पार्किंग, मावशी. जुळे सोलापूरचं गिऱ्हाईक स्कूटर कुठं लावणार, तुमच्या डोक्यावर?"

"आन् मी कुटं बसू?"

"सोलापूर काय लहान आहे?"

असा हा माणूस! रडण्याला भीक घालणारा नव्हेच. केराबाईनं दोन्ही हात चटणीत घातले आणि लई गोड आवाज काढला.

"काढा की. पर पूनमला इचारलंत का? तुमचं लगीन ह्याच दगडावर ठरलंय. तुमचं वडील आन् तिचं वडील, मंद्रूपचं कोंडीबा, दोगांनी हात ठिवला हुता. मी हितंच हुते. आता दगड उखडला की सौदा मोडला, पोरगी मोकळी!"

दोघंही म्हातारे केव्हाच वर गेलेले, विचारायचं कुणाला? शहाजी हसला, पण पहारवाल्यांनी पहारी खाली ठेवल्या. तेवढ्यात गल्ल्यावर बसलेली पूनम, म्हणजे शेटची बायको, पदर खोचत बाहेर आली.

"मोकळी? अगं बाई! मग उरका की पटकन. संध्याकाळची एसटी मिळेल मला."

"पूनम, चेष्टा पुरे."

"चेष्टा कसली? बॅग भरायला घेते."

अख्खी गल्ली जमली. "शेट, उद्यापासून डबा कुठून?" कुणीतरी विचारलंच. शहाजीच्या तोंडचं पाणी पळालं. शेवटी त्यानं चारचौघांत दगडावर हात ठेवला.

"दगड हलणार नाही. मावशीही हलणार नाहीत. झालं?"

"आणि रविवारच्या भाकऱ्या?" पूनमनं विचारलं.

"...मी थापीन."

पहारवाल्यांनी उकरलेल्या बुडात चुना भरून दगड होता तसा घट्ट केला. गर्दी पांगल्यावर पूनम टोपलीपाशी टेकली.

"मावशी, आमचे अण्णा तर सांगायचे, लग्न मामाच्या घरी चहा पिताना ठरलं."

"व्हय की. हितं त्येंनी दोन शेळ्या घेतल्या हुत्या."

"मग दगडाला टेकून एवढं खोटं बोललात?"

केराबाईनं चटणीनं लाल झालेले दोन्ही हात वर केले.

"माजं हात हुतं का दगडावर?"