रडणारी राणी

दार उघडायच्या आधीच बायकांनी गाणं धरलं होतं.

रड गं राणीमाय, तुझं आसू माझ्या ओठी,
दगडाला पाझर फुटो, बाळ राहो माझ्या पोटी.

वसंताच्या सणाचा दिवस. या दिवशी नाईलच्या पश्चिम काठावरचं आमचं गाव कांदे, रंगवलेली अंडी आणि खारवलेली मासळी बांधून घेऊन निघतं आणि जुन्या देवळांच्या खांबांच्या सावलीत चटया अंथरतं. परदेशी माणसं ती देवळं वर्षभर बघतात, आम्ही सणाला. यंदा मात्र खांबांपाशी फार वेळ कुणी रमलं नाही. जेवणं उरकली आणि सगळ्या चपला टेकडी चढू लागल्या, रडणाऱ्या राणीच्या थडग्याकडे.

माझी धाकटी बहीण नवारा माझ्या खांद्याला धरून चढत होती. सातवा महिना. आधीची दोन बाळं पोटातच गेलेली. पायावर बोट दाबलं की खळगा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या होत्या, मीठ सोडायला सांगितलं होतं, आणि पलीकडच्या काठावरच्या दवाखान्यात दाखल हो म्हणून बजावलं होतं. सकाळी सगळ्यांनी मासळीवर ताव मारला, हिनं नुसत्या वासावर सण केला. बाळासाठी जिभेला एवढा आवर घालणारी पोर गोळ्यांना मात्र तीन आठवडे शिवली नव्हती.

"शेखसाहेब म्हणतात, गोळी आणि आसू एका पोटात नांदत नाहीत," ती म्हणाली. "राणीचीही दोन बाळं गेली होती, ताई. तिला माझं कळतं."

"आणि हे पाय? ते कुणाला कळतात?"

"तुझं विज्ञान शाळेत ठेव गं."

"भांडू नका पोरींनो, दम राखा," मागून सनियामावशी म्हणाली. चाळीस वर्षं मासळी खारवून तिच्या हातांना भेगा पडल्यात. कमरेला उरलेल्या मासळीचं आणि जाड्या मिठाचं गाठोडं होतं.

शेख दर्दीर परवापरवापर्यंत या थडग्याची किल्ली सांभाळणारा साधा राखणदार. एके दिवशी त्याच्या स्वप्नात राणी आली आणि त्याचं पागोटं चार हातांनी वाढलं.

"राणी लाजाळू आहे, बायांनो!" दारात उभा राहून तो गरजला. "दोघीचौघींपुढं ती रडत नाही. घर भरलं की तिचा ऊर भरतो! संशयखोरांनी बाहेर थांबावं. इथं फळा नाही. काय, इन्साफबाई?"

मी गावच्या शाळेत शिकवते, त्यावर हा टोला. बायका हसल्या. नवाराही हसली. ते मला लागलं.

आत दहा पावलांची खोली, खिडकी नाही. ऐंशी बायका आणि बंद दार. समोर दगडाची राणी बसलेली. तिचे जडवलेले डोळे कधीच चोरीला गेलेत, उरल्यात दोन काळ्या खोबणी. गाणं वाढत गेलं, अंगं घामानं निथळली. अर्ध्या तासानं खोबणीची कड चकाकली. एक थेंब गालावर उतरला.

"रडली! राणी रडली!"

खरं सांगते, माझ्याही अंगावर काटा आला.

शेखनं सुरईतलं पाणी राणीच्या कपाळावर ओतलं. ते डोळ्यांतून गालांवर आणि गालांवरून तांब्याच्या वाटीत आलं. "चाखा! खारट आहे ना? मग आसू नाही तर काय?" नवारानं वाटी दोन्ही हातांनी धरली आणि एका दमात रिकामी केली.

मावशीनं वाटीच्या तळाला बोट लावून जिभेवर ठेवलं. तिचा चेहरा बदलला.

"दर्दीर, तू दर पंधरा दिवसांनी माझ्याकडनं समुद्राचं जाडं मीठ नेतोस. शेळ्यांना चाटायला म्हणून. किती शेळ्या आहेत रे तुझ्याकडं?"

"मावशी, ही जागा पवित्र आहे..."

"एकच होती. ती तू ईदला खाल्लीस."

तिनं गाठोडं सोडलं आणि मूठभर कोरडं मीठ राणीच्या पायाशी पायरीवर ठेवलं. "गा गं पुन्हा. दार लागलेलंच राहू दे."

काहीजणी कुतूहलानं गायल्या, काहीजणी भीतीनं. मी मिठावरची नजर हलवली नाही. खडे आधी चमकले, मग एकमेकांना चिकटले, आणि शेवटी पायरीवरून बारीकशी धार खाली घसरली.

"घ्या! माझं मीठही रडलं," मावशी म्हणाली. "त्याची कुठली बाळं गेली?"

कुणीही हसलं नाही.

मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळून राणीच्या डोळ्यात घातलं. चिकट, करडे खडे बाहेर आले. तेव्हा कुठं मला वाचा फुटली. "हे मीठ हवेतली ओल पितं. एरवी इथं वाळवंटाची कोरडी हवा, म्हणून राणी कोरडी. आज आपण ऐंशीजणींनी स्वतःला कोंडून घेतलंय. आपला श्वास, आपला घाम, तोच तिच्या डोळ्यांतून गळतोय. आणि वरून ओतलेलं पाणी ते मीठ विरघळवून वाटीत आणतं."

मागं वळले तर दार उघडं होतं, कुलपात किल्ली लोंबत होती आणि शेखचा पत्ता नव्हता.

नवारा पायरीवर बसली. "म्हणजे तिला काही कळतच नव्हतं?" एवढंच तिनं विचारलं. मग डोळ्यांवर हात धरला. "ताई, काजवे चमकतायत गं. डोकं फुटतंय."

गाणाऱ्या बायकांनीच तिला चटईवर घालून टेकडी उतरवली. नावेनं पलीकडच्या दवाखान्यात नेलं. संध्याकाळी पोट फाडून मुलगी काढली. ती मावशीच्या एखाद्या मोठ्या मासळीएवढ्याच वजनाची आहे. आज अकरावा दिवस, अजून काचेच्या पेटीत आहे. डॉक्टरीणबाई "वाचेल" म्हणत नाहीत, "बघू" म्हणतात. नवारा माझ्याशी बोलत नाही. गोळी मात्र माझ्या हातून घेते.

काल ऐकलं, दक्षिणेकडच्या एका गावात देवळाचा खांब घाम गाळू लागलाय. बायांनो, तुमचं दुःख खरं आहे, म्हणून तर असल्यांचं फावतं. जायचंच असेल तर जा. पण मूठभर मीठ बरोबर न्या, खांबाशेजारी ठेवा आणि डोळे उघडे ठेवून बघा. आणि जाण्याआधी गोळी घेऊन जा.