सदुसष्ट भुतांचा ग्लास

म्हसवडच्या अलीकडे पत्र्याच्या शेडबाहेर गाड्यांची रांग लागली होती. आत नाथाजी महाराजांनी एका रुग्णाची लघवी काचेच्या ग्लासात ओतली आणि ती बघता बघता लालभडक झाली. गर्दीनं हात जोडले. महाराजांनी रुग्णावरून लिंबू उतरवलं, ग्लासात पिळलं. लाली गेली, पिवळं पाणी उरलं.

"भूत जळालं," महाराज म्हणाले. "पुढचा या."

मागे उभ्या डॉक्टर राजनंदिनीचं डोकं फिरलं होतं. कराडच्या लॅबमध्ये गाठींचे तुकडे तपासणं हे तिचं काम. मानसिंगमामांच्या मूत्राशयातल्या गाठीचा तुकडाही तिनंच पाहिला होता. झपाट्यानं वाढणाऱ्या पेशी तपकिरी दाखवणारी केआय-६७ नावाची चाचणी केली, तर निम्म्याहून जास्त पेशी तपकिरी. कॅन्सरची गाठ मूत्राशयाच्या स्नायूत शिरलेली. ऑपरेशन ठरलं, आणि फौजेतून रिटायर झालेले मामा दोन महिने इथं लिंबं पिळून घेत बसले. सांगून सांगून तिच्या तोंडाला फेस आला होता.

"नंदे, तुज्याच रिपोर्टात सदुसष्ट लिवलंय," मामा म्हणाले. "महाराज म्हनत्यात, तेवढी भुतं हायती. आता धाच उरली."

"मामा, तुमच्या बटालियनला नंबर होता. म्हणून तिच्यात तेवढेच जवान होते का?"

मामा डोकं खाजवू लागले.

"सदुसष्ट हा चाचणीच्या नावातला आकडा आहे. ज्याची करू त्याच्या रिपोर्टवर सदुसष्टच येणार."

तिनं पुढं होऊन महाराजांचा नवा ग्लास उचलला आणि आपल्या बाटलीतलं पिण्याचं पाणी त्यात ओतलं. तेही लाल झालं.

"माझ्या पाण्यात किती भुतं, महाराज?"

"अविश्वासाची छाया पडली," महाराज पुटपुटले.

"तळाला हळद आणि पानाचा चुना आहे. चुन्यानं हळद लाल होते, लिंबानं पुन्हा पिवळी. सांगलीची हळद रोज खाणारी माणसं आपण, आणि हळदीलाच फसलो."

"पर माजं लघवीतलं रगात थांबलं की," मामा म्हणाले.

"ते मधे मधे आपोआप थांबतं. गाठ थांबत नाही." ती गर्दीकडे वळली. "लघवीत एकदा जरी रक्त दिसलं, दुखत नसलं तरी दवाखाना गाठा. डोळ्यांना दिसलं ते कशानं झालं, एवढं तरी विचारत जा."

काही जण उठले. बाकीचे तिलाच शिव्या देत रांगेत उभे राहिले. तिला रडू फुटायचं बाकी होतं.

मामा चपला घालून गाडीपाशी आले. "नंदे, लय उशीर झाला का गं?"

दोन महिन्यांपूर्वी तिनं ठामपणे नाही म्हटलं असतं.

"पुन्हा तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, मामा," ती म्हणाली. "बसा."