ब्रेकवरचा पाय

रुद्रेशच्या फियाटला सगळं होतं, फक्त हँडब्रेक नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, हँडब्रेक नसला म्हणून काय आभाळ कोसळतंय? निम्म्या कोल्हापुरातल्या जुन्या गाड्यांचा हँडब्रेक नुसता शोभेचाच असतो की. पण त्यांचा झिजून गेलेला असतो. रुद्रेशनं स्वतःच्या हातानं काढून भंगारात घातला होता. शिरोली एमआयडीसीत त्याचं मशीन शॉप. दिवसा लेथवर पंपांचे सुटे भाग कातायचे आणि उरलेला वेळ रॅलीच्या शर्यतींपायी त्या गाडीला वाहायचा, हा त्याचा धर्म. इंजिन उघडून घासलं, दोन कार्बोरेटर चढवले, आणि एवढी पळणारी गाडी थांबायलाही पाहिजे म्हणून मागच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवले. ते डिस्क ब्रेक हँडब्रेकच्या केबलवर चालणारे नव्हते. मग केबल काढली, लिव्हर काढला. तेवढीच गाडी हलकी झाली, म्हणून हा पठ्ठ्या खूश!

उतारावर गिअरमध्ये ठेवावी, तर तो गिअर आपोआप सुटायचा. मग राहिला चाकामागं लावायचा दगड. दगड डिकीत ठेवायचा म्हटलं की रुद्रेशच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. "रॅलीच्या गाडीत दगड घालून फिरू व्हय? वजन वाढतंय." जिथं जाईल तिथं दगड शोधायचा, आणि तो मिळेपर्यंत बायकोनं सीटवरून सरकायचं आणि ब्रेकवर पाय दाबून बसायचं.

बायको म्हणजे विद्याश्री. लग्न झाल्यापासून हेच करत आली होती. पन्हाळ्याला गेले, तर हा तटावर उभा राहून वारा खातोय आणि ही गाडीत. जोतिबाला गेले, तर हा गुलाल लावून आला आणि तिच्या कपाळाला खिडकीतूनच लावला. "दगडापेक्षा मी जड हाय, मला बरं घेऊन फिरता," ती म्हणायची. दोघंही हसायची. आता ते हसणं आठवलं की रुद्रेशला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

कारण त्या दुपारी विद्याश्री हसली नव्हती.

तिचं माहेर गडहिंग्लजच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. वडील भरमाप्पा म्हणजे मोठा तोंडाळ माणूस. दिवाळीला लेक-जावई आले, तेव्हा गाडीचा आवाज ऐकून त्यांनी अख्ख्या गल्लीसमोर जावयाला झापलं होतं. "माझ्या पोरीला शर्यतीच्या गाडीतनं फिरवतोस? मारतोस काय तिला?" रुद्रेश गप्प बसला. बोलली ती विद्याश्री. "आप्पा, त्यास्नी काय बोलायचं काम न्हाय," म्हणाली आणि फराळाच्या ताटावरून उठून आली. त्यानंतर माहेरी पाऊल टाकलं नाही. बाप-लेक दोघंही एकाच मातीचे, कोण आधी बोलणार?

मग पौषात फोन आला, आप्पांचं खरं नाही, लगेच या. रुद्रेशनं गाडी अशी हाणली की निपाणी कधी गेली कळलं नाही. घर चढावर. गाडी दारात उभी केली, तर मागं सरळ उतार, आणि उताराच्या तळाला शेजाऱ्यांच्या परड्यात झाडाला झोळी बांधलेली. झोळीत तान्हं पोर झोपलेलं. त्याच्या आईसकट सगळी गल्ली आप्पांच्या घरात गोळा झालेली.

"तू दाब ब्रेक," रुद्रेश म्हणाला. "मी दगड घेऊन आलोच."

दगड बघायला म्हणून तो अंगणात शिरला, तोवर मेव्हण्यानं, श्रीशैलनं, दंडाला धरून आत ओढलं. "चला, चला, वेळ न्हाय." आत भरमाप्पा उशीला टेकून बसवलेले, श्वास वरच्या वर. सासूनं, नीलम्मानं, जावयाच्या हातात तीर्थाची वाटी दिली. त्यानं दोन थेंब सोडले. आप्पांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "विद्या?"

बाहेर हॉर्न वाजला. एकदा, मग लांबलचक, मग पुन्हा.

"माणूस जातंय आणि ही हॉर्न वाजवतीया!" श्रीशैल दातओठ खाऊन म्हणाला.

नीलम्मानं दाराकडं बघितलं. मग नवऱ्याच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "तिचा राग अजून गेला न्हाय बघा. दारात येऊन बसलीया, आत येत न्हाय."

आणि रुद्रेश? हातात वाटी घेऊन उभा. त्याला सगळं ठाऊक होतं. एक वाक्य बोलायचं होतं, तिच्या पायाखाली ब्रेक आहे म्हणून. पण मरणाच्या खाटेशी गाडीच्या ब्रेकचं कसं काढायचं? लोक काय म्हणतील? धावत जाऊन बोलवावं असंही मनात आलं. हे मनात येतंय तोवर आप्पांनी मान टाकली. तो बाहेर पळाला, धोंडा उचलून चाकामागं लावला. विद्याश्रीचा पाय लटलट कापत होता. घरातून हंबरडा आला, तेव्हा तिनं नुसतं त्याच्याकडं बघितलं.

मातीला आलेल्या बायका कुजबुजल्या, पोटची पोरगी उंबऱ्याबाहेर बसली. ते रुद्रेशच्या कानावर आलं. तेव्हाही त्यानं तोंड उघडलं नाही. दहा माणसांत उठून, मीच हँडब्रेक काढून फेकला होता, हे कोण सांगणार? रॅलीवाला जावई म्हणून पावण्यारावळ्यांत केवढा तोरा! विद्याश्री तर त्या गोष्टीबद्दल चकार शब्द बोलली नाही. घरी आली, राजारामपुरीतल्या आपल्या संसाराला लागली. भाकरी थापायची, डबा भरायची, विचारलं तेवढं बोलायची. फक्त गाडीत बसायची बंद झाली. बाजाराला बसनं जायची. नीलम्मानं बापाला काय सांगितलं हे तर तिला माहीतच नव्हतं. रुद्रेशनं मात्र ते आपल्या कानानं ऐकलं होतं.

बोलायला जमत नव्हतं, म्हणून त्यानं हँडब्रेक करायला घेतला.

जुने ड्रम परत चढवले असते तर काम सोपं होतं. पण ते भंगारात कधीच वितळून गेलेले. मग त्यानं डिस्कवरच दुसरं, छोटं, केबलनं डिस्कला चिमट्यासारखं आवळणारं कॅलिपर बसवायचं ठरवलं. जाड पत्र्याची ब्रॅकेट कापली, वेल्डिंग केलं. पहिली ब्रॅकेट वाकली, दुसरी चाकाला घासली. मागची चाकं जॅकवर उचलून लिव्हर ओढला, तर डावं चाक धरतंय आणि उजवं खुशाल फिरतंय. पुन्हा खाली शिरला. दोन्ही केबलींना सारखी ओढ बसावी म्हणून मधे तराजूच्या दांडीसारखी एक दांडी घातली. ज्या कामाला एरवी शिट्टी वाजवत बसला असता, ते काम तो अपराध्यासारखं मान खाली घालून करत होता. हे आधी केलं असतंस तर, हे एकच मनात. बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय!

शेवटी एकदा दोन्ही चाकं जाम झाली. गाडी उतरत्या रॅम्पवर उभी राहिली, आत कुणी नाही, चाकाला दगड नाही. रुद्रेश तिथंच फरशीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला.

त्याच आठवड्यात सासुरवाडीहून निरोप आला. आप्पांच्या समाधीचा कट्टा बांधून झाला, सोमवारी पूजा आहे. विद्याश्री एसटीनं जायला निघाली होती.

"गाडीनं चल," तो म्हणाला. "हँडब्रेक केलाय. तुला बसायला लागणार न्हाय आता."

तिनं पिशवी हातातून खाली ठेवली. "बरं," म्हणाली. एवढंच. रस्ताभर तो गाडी बैलगाडीसारखी चालवत राहिला आणि ती बाहेरचा ऊस बघत बसली.

चढावर, त्याच दारात, त्यानं गाडी उभी केली. लिव्हर ओढला. कर्रकर्र आवाज झाला आणि गाडी तसूभर हलली नाही. "उतर," तो म्हणाला. ती उतरली, पदर सावरला आणि आत गेली. तो मागोमाग.

सोप्यात नीलम्मा विभूतीचं ताट घेऊन बसली होती, श्रीशैल शेजारी हार मोकळे करत होता. नीलम्मानं लेकीला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"आज बरं उतरलीस," ती म्हणाली.

विद्याश्री खाली मान घालून आईच्या पाया पडली. रुद्रेशनं ते बघितलं. बाहेर गाडी कशी झकास उभी होती! आणि इथं त्याच्या बायकोच्या नावाचा डाग तसाच.

"मामी," तो सासूला म्हणाला, "त्या दिवशी तिला उतरताच येत नव्हतं."

"म्हंजे?" श्रीशैलनं मान वर केली.

"गाडीला हँडब्रेक नव्हता. मी काढलावता, गाडी पळावी म्हणून. तिनं पाय उचलला असता तर गाडी सरळ त्या झोळीवर गेली असती. दगड आणा म्हणून ती हॉर्न वाजवत हुती. राग-बिग काय नव्हता. चूक माझी हाय, सगळी माझी."

झालं. बोलून टाकलं एकदाचं. खरं सांगायचं तर छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं त्याला घटकाभर वाटलंही.

नीलम्माच्या हातातलं ताट कलंडलं. "अगं बाई," ती म्हणाली, "मग मी त्यास्नी काय सांगून बसले गं!"

"काय सांगितलंस, अव्वा?" विद्याश्रीनं आईला विचारलं.

लेकीनं म्हातारीचा हात धरला, तेव्हा कुठं तिच्या तोंडातून शब्द आले. "तुझं नाव घेतलं त्यांनी. शेवटचं तेच बोलले. आणि मी सांगितलं, तिचा राग गेला न्हाय, म्हणून येत न्हाय."

विद्याश्रीनं आईकडं बघितलं नाही. ती रुद्रेशकडं वळली.

"तवा तुम्ही कुठं हुता?"

"तिथंच," तो म्हणाला. "उशाला."

"ऐकलासा?"

"ऐकलं."

"मग काय म्हणालासा?"

"काय न्हाय."

ती ओरडली असती, चार शिव्या दिल्या असत्या, तर त्यानं पदरात घेतल्या असत्या. ती आईजवळ सरकली, तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. म्हातारी हमसून हमसून रडत होती.

"रडू नगंस, अव्वा," विद्याश्री म्हणाली. "तुझी काय चूक? तुला कुणी सांगितलंच न्हाय."

श्रीशैलही बहिणीच्या पाठीवर हात ठेवून खाली बसला. तिघं एकमेकांना धरून रडली, आणि रुद्रेशला जवळ या असं कुणी म्हटलं नाही.