यायला नको

“कुत्र्याला कुणीतरी आधीच खायला घातलंय,” उर्बान म्हणाला.

फळ्यावर इंग्रजी वाक्य होतं: यू मस्ट नॉट फीड द डॉग. याचा अर्थ काय, असं मिरियाम मॅडमनी विचारलं होतं. उर्बानचं उत्तर सगळ्या वर्गाला पटलं. खाटकाची बायको ल्युक्रेस म्हणाली, बरोबरच आहे, दोनदा खाऊन ते आमच्या ह्यांच्यासारखं फुगायचं.

मॅडम हसल्या नाहीत. ओस्टेंडच्या या संध्याकाळच्या वर्गात त्यांना दरवर्षी हेच उत्तर मिळे. त्या म्हणाल्या, आपण फ्लेमिश बोलणारी माणसं ‘मस्ट’च्या पुढे ‘नॉट’ ठेवतो आणि समजतो, समोरच्याचं ओझं उतरवलं. आपल्या बोलीत ते तसंच आहे: घालायला नको, राहू दे, कशाला त्रास. इंग्रजाला मात्र ऐकू येतं: घालता कामा नये. ओझंच उतरवायचं असेल तर ‘डोन्ट हॅव टू’ म्हणा. घालायलाच पाहिजे असं नाही.

“आणि मी कुणाला म्हटलं, यू मस्ट नॉट कम,” उर्बानने विचारलं, “तर?”

“तर तुम्ही त्याला सांगितलंत, माझ्या दारात पाऊल टाकायचं नाही.”

“चांगल्या मनाने म्हटलं तरी?”

“कसंही म्हणा.”

“तुझ्याकडे येतंय कोण रे,” ल्युक्रेस म्हणाली, “नको म्हणायला?”

वर्ग हसला. उर्बानही हसला, कारण हसायला हवं होतं.

तो जन्मभर किनाऱ्याची ट्रॅम चालवत आला होता. निवृत्त झाला, बायको पाउला गेली आणि मग त्याने या वर्गात नाव घातलं. सगळ्यांना वाटलं, विरंगुळा. विरंगुळा नव्हता. त्याला इंग्रजीत एकच वाक्य बोलायचं होतं, पण ते असं बिनचूक, की ऐकणारीला उत्तर सुचू नये: पाउलाच्या मातीला तू का आली नाहीस?

ऐकणारी म्हणजे गिलियन. त्याची इंग्रज सून, योरिसची बायको. योरिस बोटीवर आचारी होता, समुद्रापलीकडे इंग्रजांच्या हल बंदरात गेला, तिथलाच झाला आणि तिथेच आजारी पडून गेला. पुढच्याच हिवाळ्यात पाउला गेली.

उर्बान ही गोष्ट सगळ्यांना सांगत असे. मातीनंतरच्या कॉफीला सांगितली, न्हाव्याकडे सांगितली, ट्रॅमच्या थांब्यावर सांगितली. ती अशी:

गिलियन आली नाही. एक फूलसुद्धा पाठवलं नाही. इंग्रज ते इंग्रजच. पोरगा होता तोवर नातं, पोरगा गेला, नातं गेलं.

वर्ग सुटल्यावर तो समुद्राच्या कडेने चालत निघाला आणि तीच गोष्ट त्याने मनात पुन्हा सांगून पाहिली.

गिलियन आली नाही.

चूक.

गिलियनला येऊ दिलं नाही.

कुणी?

तेव्हा जानेवारी होता, समुद्र खवळलेला. रात्रभराची बोट. नवऱ्याला पुरून वर्षही न झालेल्या बाईने पुन्हा शवपेटीमागे चालायचं, हे त्याच्याच्याने बघवलं नसतं. म्हणून अंगात कोट तसाच ठेवून, घराच्या दारामागच्या बोळात उभं राहून त्याने फोन केला आणि होतं नव्हतं तेवढं इंग्रजी गोळा करून तिला सांगितलं: यू मस्ट नॉट कम. पलीकडे शांतता झाली. त्याला वाटलं, ऐकू गेलं नाही. मग त्याने तेच पुन्हा सांगितलं. मोठ्याने. एकेक शब्द सुटा करून, ट्रॅममध्ये परदेशी प्रवाशाला तिकिटाचं सांगत असे तसं.

गोष्ट इथवर आली आणि तो बाकावर बसला.

शनिवारी सकाळी दाढी करून त्याने हल बंदरात फोन लावला. गिलियनने उचलला. तिने ‘उर्बान’ एवढं नाव घेतलं आणि ती वाट बघत राहिली. त्याने घोकलेलं सगळं सांगितलं: तेव्हा माझं इंग्रजी चुकलं. येऊ नकोस असं म्हणायचं नव्हतं. दगदग करून यायला नको, एवढंच म्हणायचं होतं. आमच्याकडे तसं म्हणतात.

ती म्हणाली, तिकीट काढून झालं होतं. बॅगही भरली होती, काळे बूट पुसून दाराशी ठेवले होते. तेवढ्यात तुमचा फोन आला.

“दोनदा म्हणालात तुम्ही,” ती म्हणाली. “मला वाटलं, योरिस गेला त्याचा दोष माझ्यावर ठेवताय. मी डॉक्टरकडे न्यायला उशीर केला म्हणून.”

असं त्याच्या मनात कधी आलं नव्हतं. ते सांगायला त्याने शब्द शोधले, आणि ‘नो’ तेवढा सापडला. तो त्याने दोनतीनदा म्हटला.

“मग आता येऊ?” गिलियनने विचारलं. “पाउलाच्या थडग्यावर?”

“यू डोन्ट हॅव टू,” उर्बान म्हणाला.

वाक्य बिनचूक होतं. मॅडमनी पैकीच्या पैकी दिले असते. पलीकडे पुन्हा तीच शांतता झाली, जानेवारीतली, आणि या वेळी त्याला ती ऐकू आली. पाउला असती तर म्हणाली असती, सत्तरी उलटली तरी तुला जेव म्हटल्यावर ‘राहू दे’च म्हणायचं असतं आणि मग उपाशी बसायचं असतं.

“थांब,” तो म्हणाला. “चुकलं.”

“पुन्हा इंग्रजी चुकलं?”

“नाही. इंग्रजी बरोबर आहे.”

गिलियनने श्वास सोडला. ती हसली की आणखी काही, फोनवर कळायला मार्ग नव्हता.

“मग काय चुकलं?”

उर्बान बोळातल्या भिंतीला टेकला. “मला तू यायला हवी आहेस,” तो म्हणाला. पण हे तो आपल्या भाषेत म्हणाला, आणि गिलियनला त्या भाषेतलं योरिसने शिकवलेलं तेवढंच येत होतं. ते कितपत, हे त्याला ठाऊक नव्हतं.

तिने विचारलं नाही. कामावरून सुट्टी मिळते का बघते, म्हणाली. बोटीचंही बघते. नक्की काही सांगत नाही. मग ठेवते म्हणाली.

दुपारी शेजारची जोर्जेट खिडक्या पुसायला बाहेर आली, तेव्हा वरच्या मजल्यावर योरिसच्या खोलीची खिडकी सताड उघडी होती. आतली गादी अर्धी बाहेर लोंबत होती आणि उर्बान ती झोडपत होता. धूळ रस्त्यावर उतरत होती.

“कुणी येणार आहे का रे?” तिने खालून विचारलं.

उर्बानने हात थांबवला.

“येईलही,” तो म्हणाला, आणि गादी उलटी करून दुसरी बाजू झोडपायला घेतली.