खिडकीपासून दारापर्यंत चौदा

दुकानांतले वजनकाटे तपासणं ही माझी नोकरी. प्रमाणित वजनांची पेटी घेऊन दिवसभर हिंडायचं, काट्यावर पाच किलो ठेवायचं, आकडा बघायचा. जरा इकडेतिकडे दिसलं की दुकानदाराची बिनपाण्याने करायची. या कामात मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. घरी स्वतःच्या बापाचंही ऐकलं नाही.

बाबांना झटका आला आणि डावा पाय अधू झाला. चाकांचा वॉकर ढकलत, पाय घासत ते चालायला लागले. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, "रोज हजार पावलं. नाहीतर पाय कायमचा जाईल." मी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात माझा जुना फोन ठेवला. तो पावलं मोजायचा.

मी आणि बायको दिवसभर कामावर. संध्याकाळी बूट काढायच्या आधीच मी हात पुढे करायचो. बाबा मुकाट्याने फोन काढून द्यायचे. बहात्तर. एकशे दहा. एकदा तर चाळीस.

"अरे, बाराशे झाली आज," बाबा म्हणायचे. "मी मोजली ना. खिडकीपासून दारापर्यंत चौदा. अशा शहाऐंशी फेऱ्या घातल्या."

"थापा मारू नका बाबा. दिवसभर लोळायचं आणि मला शेंड्या लावायच्या."

"त्यांच्या चपलेचा तळ बघ एकदा," बायको म्हणाली. मी तिलाही गप्प केलं.

महिनाभराने बाबांनी वाद घालणं सोडलं. "माझंच मोजताना चुकत असेल," म्हणाले. मग आकडा वाढायला लागला. चारशे, सहाशे, सातशे. मी खूश. मनावर घेतलं की कसं जमतं, असं त्यांना ऐकवलंही. नऊशे अठराच्या दिवशी दुपारी शेजारणीचा फोन आला. बाबा पडले होते. खुब्याचं हाड मोडलं होतं. वॉकर खिडकीपाशीच उभा होता.

डॉक्टर म्हणाले, हृदय भूल सोसणार नाही, ऑपरेशन करता येणार नाही. चालणं विसरा.

"वॉकर का सोडलात?" मी दवाखान्यात विचारलं.

"तो धरला की आकडा हलतच नव्हता. सोडून, पाय आपटत चाललं की हलायचा."

घरी येऊन मी फोन खिशात घातला आणि वॉकर धरून बाबांसारखा पाय घासत निघालो. मोठ्याने मोजत शंभर पावलं टाकली. फोनवर नऊ. पुन्हा शंभर टाकली. सात. दोन महिने मी त्या आकड्यावर म्हाताऱ्या माणसाला खोटं पाडत होतो आणि तो फोन एकदाही तपासून पाहिला नव्हता. माझी वजनांची पेटी दाराशीच पडलेली असायची. मला स्वतःची शिसारी आली.

सकाळी दवाखान्यात मी त्यांच्या खाटेशी बसलो. "बाबा, फोन चुकत होता. तुमचीच मोजणी बरोबर होती."

त्यांनी मला शिव्या घालाव्यात असं फार वाटत होतं. त्यांनी छताकडे बघतच विचारलं,

"म्हणजे हजार होत होती?"

"हो."

"रोज?"

"रोज."

"मग वॉकर सोडायची गरजच नव्हती," बाबा म्हणाले, आणि त्यांनी मान भिंतीकडे वळवली.