डावीकडे वळलेलं हृदय

आईच्या पोटात हृदय कसं घडतं, ते मी मेणाच्या आठ प्रतिकृतींत दाखवलं होतं. आधी दोन बारीक नळ्या, मग त्या जुळून एकच. बाविसाव्या दिवसाच्या सुमारास ती धडधडू लागते आणि लगेच बाळाच्या उजवीकडे वळते. पुढे पडदे, कप्पे, झडपा. अलेक्झांड्रियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात अकरा महिने डोळे फोडून केलेलं काम. प्रदर्शनाच्या आठवडाभर आधी पितळी पाटी आली: ‘निर्मिती: प्रा. लुत्फी शलबी.’

माझं नाव कुठंच नाही. जाब विचारायला गेले, तर प्राध्यापक पुदिन्याचा चहा भुरकत होते.

“अगं इन्शिराह, हात तुझे, पण डोकं माझं ना? गवंड्याचं नाव कुणी मशिदीवर लिहितं का?”

तळपायाची आग मस्तकात गेली. नोकरी गेली तर गेली, पण हे काम माझं आहे हे याच माणसाच्या तोंडून वदवायचं, असं मी ठरवलं. तिसरी प्रतिकृती वितळवली आणि नळी डावीकडे वळवून पुन्हा घडवली. चोरून नाही, त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

“एकदा नजर टाका, डॉक्टरसाहेब.”

“छान आहे, छान आहे. ने.”

मान वर केली असती तर साहेब वाचले असते.

प्रदर्शनाला अधिष्ठाता होते, सगळे विद्यार्थी होते. अस्यूतहून आलेल्या परीक्षक डॉ. वदीदा गिर्गिस तिसऱ्या प्रतिकृतीपाशी थांबल्या.

“लुत्फीसाहेब, ही नळी डावीकडे कशी वळली?”

“समोरून पाहताय ना, म्हणून तसं वाटतं,” ते हसले.

“समोरूनच पाहतेय आणि समोरून डावं-उजवं उलटं दिसतं, हे धरूनच बोलतेय. अशा बाळाच्या हृदयाचे कप्पे उलटसुलट होतील! तुम्ही स्वतः घडवलंत ना हे? पाटीवर तसं लिहिलंय.”

विद्यार्थ्यांत खसखस पिकली. प्राध्यापकांचा चेहरा लालबुंद झाला, बोट माझ्यावर रोखलं गेलं.

“मी नाही! हिनं केलंय! आठही हिनंच केल्यात, मी हातसुद्धा लावलेला नाही!”

ऐकून असं गार वाटलं मला! सगळ्यांना नीट ऐकू गेलं, याची खात्री करून घेतली आणि मग पुढे झाले.

“खरं बोलले साहेब. आठही माझ्याच. सात अगदी बरोबर आहेत. ही तिसरी तेवढी खास त्यांच्यासाठी केली.”